पेटीतला घट

पिंगळीच्या भागवतला उभ्या आयुष्यात कोणाला ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. यात त्याची निंदा नाही. अशी माणसं असतात आणि गावाला ती फार आवडतात, कारण त्यांच्याकडून हवं ते वदवून घेता येतं. पुढं ते होतं की नाही, हा वेगळा विषय.

त्याचे वडील ग्यानबा मेंढरं राखायचे. लहानपणी ते विचारायचे, “मेंढराकडं येतोस का?” भागवत म्हणायचा, “हो.” आई बानूबाई विचारायची, “शाळंत जायलास ना?” त्यालाही तो “हो” म्हणायचा. मग तो मेंढरं घेऊन शाळेमागच्या माळावर जायचा आणि खिडकीशी उभं राहून शिकायचा. तेवढ्यात मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात घुसायची. हरभऱ्याचा मालक बखोट धरून विचारायचा, “पुन्हा असं करशील का?” आणि भागवत सवयीनं म्हणायचा, “हो.” त्याबद्दल त्यानं भरपूर मार खाल्ला, पण सवय काही गेली नाही.

पुढं त्यानं परभणीला आयटीआय केलं, वायरमनचं. मग तिथंच एक गाळा घेऊन कॅमेरे, इन्व्हर्टर आणि घराचे चोर-अलार्म बसवायला लागला. हात चांगला होता, वायर सरळ ओढायचा, भिंतीला उगाच भोकं पाडायचा नाही. अडचण एवढीच होती की काम कसं करायचं हे तो सोडून बाकी सगळे ठरवायचे. एका गिऱ्हाइकानं कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडं तोंड करून लावायला सांगितला. भागवतनं लावला. शेजाऱ्यानं येऊन तो फिरवायला सांगितला. भागवतनं फिरवला. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्यानं दोघांचंही मन राखलं. तो कॅमेरा आजही आभाळाची राखण करतो.

पूर्णेच्या परमेश्वरचं काम त्याच्याकडं आलं ते आषाढात. परमेश्वर रेल्वेत पॉइंट्समन, जंक्शनात गाड्या या रुळावरून त्या रुळावर घालणारे. रेल्वेचं क्वार्टर सोडून त्यांनी नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं होतं. बायको राजेश्री अंगणवाडीत, मुलगी शालू औषधांच्या दुकानात, म्हणजे दिवसभर घरात परमेश्वरच्या आई केशरबाई एकट्याच. गल्लीत एका घरातून भरलेलं गॅसचं सिलिंडर चोरीला गेलं आणि परमेश्वरनी अलार्म बसवायचं मनावर घेतलं. केशरबाई म्हणाल्या, “म्या आसताना चोर कशाला येतो?” याचं उत्तर घरात कोणीच दिलं नाही. त्यांना उत्तर द्यायची त्या घरात पद्धतच नव्हती.

“अलार्मची पेटी कुठं बसवू?” भागवतनं विचारलं. दाराच्या मागची कोरडी भिंत त्यानं मनात धरून ठेवली होती.

“देवळीखाली बसव,” केशरबाई म्हणाल्या. “देवीच्या नजरंखाली राहू दे. चोराची काय बिशाद हाय मग?”

देवळी म्हणजे समोरच्या भिंतीतला देवाचा कोनाडा, तळाला कडप्पा बसवलेला. भागवतनं त्या देवळीकडं बघितलं आणि त्याला सगळं दिसलं. नवरात्रात इथं घट बसणार. काळी माती पसरणार, तीत गहू पेरणार, मधे नवं मडकं पाणी भरून ठेवणार. मडकं पाझरणार, वर रोज ओंजळभर पाणी पडणार आणि ते पाणी वाट शोधत खाली येणार. पिंगळीला त्याच्या घरीही घट बसायचे. दरवर्षी त्या भिंतीचा पोपडा निघायचा आणि दरवर्षी बानूबाई तो लिंपायची. भागवतनं हे सगळं सांगायला तोंड उघडलं.

“हो,” तो म्हणाला.

वायर आणायला कडप्प्याच्या कोपऱ्यातून भोक पाडावं लागलं. ते बुजवायला त्यानं सिलिकॉनची नळी काढली, तर केशरबाई म्हणाल्या, “ती रबराची घाण देवापाशी नको.” भागवतनं “हो” म्हणून नळी पिशवीत ठेवली.

त्या पेटीला एक सोय होती. दार उघडलं गेलं की बाहेरचा भोंगा वाजायचा आणि पेटी आपल्या सिमवरून तीन नंबरांना फोन लावून आधी भरून ठेवलेला निरोप ऐकवायची. निरोप परमेश्वरनी बोलायचा होता. त्यांनी घसा खाकरला. तेवढा वेळ केशरबाईंना पुरेसा होता. त्यांनी पेटीपुढं तोंड नेलं आणि मेंढरामागं हिंडताना कमावलेल्या आवाजात ओरडल्या, “आरं घरात कोणतरी शिरलंय! पळत या! बघायलाव काय नुसतं?” तोच आवाज कायम झाला. पहिला नंबर परमेश्वरचा, दुसरा शालूचा. तिसरा कोणाचा टाकावा ते परमेश्वरना सुचेना. “तुमचाच टाका की,” ते म्हणाले. भागवतनं आपला नंबर टाकला.

आता ड्रिल चालू असताना केशरबाई गप्प बसतील हे शक्य नव्हतं. तू कोणाचा, गाव कोणतं, आईचं माहेर कुठलं, मेंढरं किती, आडनाव काय, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. माणसं आपल्यातली निघाली. चहा येईपर्यंत ‘ए अलार्मवाला’चा ‘भागवत’ झाला, आणि कप रिकामा होईपर्यंत परमेश्वर त्याला ‘भागवतराव’ म्हणायला लागले. पेचकस हातात असतानाच त्याचं लग्न निम्मं ठरलं होतं.

यात भागवतवर कोणी जबरदस्ती केली असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. शालू त्याला आवडली होती, आणि तेही या सगळ्याच्या आधी. काम बघायला तो पहिल्यांदा पूर्णेला आला तेव्हा डोकं दुखत होतं म्हणून औषधाच्या दुकानात शिरला. पुढं एक दांडगा माणूस झोपेच्या गोळ्या मागत होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “चिठ्ठीशिवाय मिळणार न्हाईत.” तो ओरडला, ओळख सांगितली, मालकाचं नाव घेतलं. मुलगी म्हणाली, “न्हाईत मिळणार.” तिचा आवाज चढला नाही, चेहराही बदलला नाही. माणूस निघून गेला आणि आभाळ काही कोसळलं नाही. भागवत आपली गोळी घ्यायची विसरून तिच्याकडं बघत राहिला. एखाद्याला गाणारी मुलगी आवडते, एखाद्याला दिसायला देखणी. भागवतला ‘नाही’ म्हणणारी आवडली.

बघण्याचा कार्यक्रम झाला. केशरबाईंनी विचारलं, “पोरगी पसंत हाय का?” भागवत म्हणाला, “हो.” मग दोघांना अंगणात बोलायला सोडलं.

“लग्नानंतर मी काम सोडणार न्हाई,” शालू म्हणाली. “चालंल?”

“हो.”

“मला परभणीला चांगलं काम मिळायलंय. पिंगळीला राहून रोजचं जाणं-येणं मला जमणार न्हाई. आपण परभणीत राहायचं?”

“हो.”

हे दोन्ही तो अगदी मनापासून म्हणाला. फक्त आदल्याच आठवड्यात बानूबाईनं विचारलं होतं, “सून हितंच ऱ्हाईल ना आमच्यापाशी?” आणि त्यालाही तो असाच मनापासून ‘हो’ म्हणाला होता. साखरपुडा दसऱ्यानंतर ठरला.

नवरात्र आलं, घट बसले. दुसऱ्या माळेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिसऱ्या माळेला पेटी आपोआप बारीक आवाजात टिकटिकायला लागली. केशरबाईंना वाटलं, पाल बोलायलीय. चौथ्या माळेला ऐन आरतीत भोंगा वाजला. गल्लीतली माणसं काठ्या घेऊन धावत आली आणि प्रसाद घेऊन गेली. संध्याकाळी पुन्हा वाजला, तेव्हा ती चालत आली, काठ्या नव्हत्या. पाचव्या माळेला सकाळी वाजला तेव्हा कोणीच आलं नाही.

फोन मात्र जात होते. परमेश्वरना तो गाडी रुळावर घ्यायच्या वेळी आला आणि फोन ड्युटीवर चालू ठेवल्याबद्दल साहेबांचं बोलणं खावं लागलं. शालूला तो दुकानात आला. तिनं ऐकला आणि बंद केला. भागवतला आला तेव्हा तो परभणीत एका शिडीवर होता. कानात केशरबाई ओरडल्या, “पळत या! बघायलाव काय नुसतं?”

“हो आजी, निघालोच,” भागवत म्हणाला. शिडी तशीच भिंतीला टेकलेली ठेवून त्यानं पूर्णेची पॅसेंजर गाठली. मिरखेल स्टेशन आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण पेटीला ‘हो’ म्हणालो.

घरी केशरबाई घटापुढं बसल्या होत्या. “कामून आलास रे?” त्यांनी विचारलं.

“पेटी बिघडलीय, आजी.”

“तिला काय धाड भरली? चांगली बोलायलीय की.”

ड्युटी संपवून परमेश्वर आले होते, रेल्वेच्या गणवेशातच. जेवणाच्या सुट्टीत शालूही आली होती. तिघांच्या देखत भागवतनं पेटीचं झाकण काढलं.

आत चिखल होता. वायरच्या कडेनं काळी माती ओघळत आली होती, बोर्डावर हिरवा गंज चढला होता आणि तळाशी पाणी साचलेलं होतं. मातीबरोबर गव्हाचे दाणेही आले होते. अंधारात, ओलीत, बॅटरीच्या उबेला ते मजेत उगवले होते. पिवळेधमक कोंब, बोटभर उंच, झाकण निघाल्यावर जरा हलले. वरच्या खऱ्या घटातलं धान एवढं सरस आलं नव्हतं.

भागवतनं आषाढातच बघून ठेवलेलं संकट आपल्या डोळ्यांदेखत उगवलेलं त्याला दिसत होतं. परमेश्वरनी कपाळाला हात लावला. “भागवतराव,” ते म्हणाले, “चोर नसताना वरडते ती पेटी काय कामाची? अन् अशी पेटी बसवणाऱ्याच्या हातात म्या पोरगी द्यायची?”

तेवढ्यात केशरबाई उठल्या. त्यांनी वाकून पेटीत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात जोडले.

“घट बसलाय,” त्या म्हणाल्या. “आईनं सोता घट बसवलाय पेटीत.”

केशरबाईंनी कोंबांना हळद-कुंकू वाहिलं. पेटीला एक वेगळी माळ घातली. मग भागवतकडं वळल्या. “घट हालवायचा नसतो. दसऱ्यापतोर पेटीला हात लावायचा न्हाई.”

“हो,” भागवत म्हणाला.

“अन् पेटीवरचा तो लाल दिवा बी इझवायचा न्हाई. नंदादीप हाय तो तिचा.”

दिवा चालू ठेवायचा म्हणजे पेटी चालू ठेवायची, आणि पेटी चालू म्हणजे तिचे फोनही चालू. भागवतला हे कळत होतं. वीज बारा व्होल्टची होती, कोणाला झटका बसणार नव्हता, पण बोर्ड गेल्यातच जमा होता आणि तो आज काढून वाळवला असता तर थोडी आशा होती. त्यानं परमेश्वरकडं बघितलं. परमेश्वर देवीकडं बघायला लागले.

“हो,” भागवत म्हणाला. एवढीच मेहरबानी झाली की भोंग्यानं आरतीत व्यत्यय येतो म्हणून भोंग्याची वायर काढायला परवानगी मिळाली.

शालू फाटकापर्यंत त्याच्याबरोबर आली. फाटकाशी तिनं विचारलं, “देवळीखाली पाणी येणार हे तुमाला पेटी बसवताना ठाऊक होतं का?”

“हो.”

“मग बसवली कामून?”

“आजी म्हणाल्या.”

शालूनं मान हलवली. दुकानात ती चुकीची चिठ्ठी वाचताना हलवायची तशीच. “तुमी आजीला हो म्हणलात,” ती म्हणाली, “बाबांना हो म्हणलात, मला बी हो म्हणलात. आवाज तर तिन्हीला एकच होता. माझ्यावालं हो खरं कशावरून?”

भागवतला उत्तर होतं. दुकानातला तो दांडगा माणूस, ती गोळी विसरणं, सगळं सांगता आलं असतं. पण हे सांगितलं तरी ती त्याच तोंडातून आलेली गोष्ट ठरली असती, म्हणून त्यानं फाटकाची कडी काढली.

“दसऱ्याला घट उठल्यावर आजी नवी पेटी बी तिथंच बसवायला लावणार,” शालू म्हणाली. “तवा तुमी काय म्हणताव ते ऐकते. मग माझं सांगते.”

“हो,” भागवत म्हणाला, आणि जीभ चावली.

ते दिवस भागवतचे फार वाईट गेले. शालू हातची जाणार ही भीती त्याच्या छातीवर बसली होती, आणि वर पेटी वेळी-अवेळी फोन करत होती. तो जेवायला बसला की केशरबाई ओरडायच्या, गिऱ्हाइकाशी बोलत असला की ओरडायच्या. एकदा दाढी करताना त्यांचा आवाज आला आणि त्याच्या मनात एक युक्ती आली. त्यानं फोन कानाला लावला.

“पळत या!” केशरबाई म्हणाल्या.

“नाही,” भागवत म्हणाला. शब्द घशातून सुटायला वेळ लागला, पण सुटला.

त्या दिवसापासून त्यानं सरावच धरला. पेटीचा फोन आला की तो “नाही” म्हणायचा. पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्यानं. एकदा गाळ्याबाहेरच्या पानवाल्यानं विचारलं, कोणाला एवढं ठणकावायलास? भागवतला त्या प्रश्नानं फार बरं वाटलं. पुढं पुढं तो नंबरही बघेनासा झाला. आवाज केशरबाईंचा असला की झालं.

खंडेनवमीला बानूबाईनं घरातली हत्यारं पुजायला काढली. लोकर कातरायची कात्री, कुऱ्हाड, आणि त्यांच्या ओळीत भागवतचं ड्रिल. ती ड्रिलला कुंकू लावत असतानाच फोन वाजला.

“उद्या सकाळी लवकर येतोस ना रे?” केशरबाईंचा आवाज आला.

“नाही!” भागवत म्हणाला. चांगला खणखणीत म्हणाला.

पलीकडं शांतता पसरली. पेटी कधी अशी शांत राहत नसे.

“कोण बोलायलंय?” केशरबाईंनी विचारलं. खऱ्या केशरबाईंनी, परमेश्वरच्या फोनवरून.

“हो, आजी, हो,” भागवत म्हणाला. “येतो, लवकर येतो, हो.” फोन ठेवला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. बानूबाई कुंकवाचं बोट तसंच वर धरून त्याच्याकडं बघत होती.

दसऱ्याला तो नवी पेटी घेऊन पूर्णेला पोचला तेव्हा घट उठले होते. केशरबाईंनी पेटीतलं धान स्वतःच्या हातानं काढलं. वरच्या धानाच्या आधी त्याला मान मिळाला. त्याची एक जुडी परमेश्वरच्या टोपीत खोवली, दुसरी भागवतच्या कानावर. कानावर गहू घेऊन भागवतनं जुनी पेटी भिंतीवरून उतरवली. बोर्ड हातात आल्यावर त्याचा एक कोपरा तुटून खाली पडला. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

“आता नवी पेटी बसव तिथंच,” केशरबाई म्हणाल्या. “आईनं जागा दावलीय.”

परमेश्वर म्हणाले, “आई म्हणायलीय तर बसवा, भागवतराव. भोकं बी तयार हायत.”

राजेश्री स्वयंपाकघरातून पुरणाचा हात घेऊन बाहेर आली. शालू तिच्या मागं दारात उभी राहिली. आज दुकानाला सुट्टी होती, तिला घाई नव्हती.

भागवतच्या डोक्यात सबबी गर्दी करून आल्या. भोकं सैल झालीत म्हणता आलं असतं. नव्या पेटीची वायर तिथवर पुरत नाही म्हणता आलं असतं आणि म्हातारीला ते पटलंही असतं. पण शालूला वायर दिसत होती. भिंतीपाशी भेंडोळंच्या भेंडोळं पडलं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

सरावात जसा यायचा तसा शब्द आला नाही. अर्धा आवाज, अर्धा श्वास. पण सगळ्यांनी ऐकला.

“काय म्हनलास?” केशरबाईंनी विचारलं.

“नाही बसवणार, आजी. तिथं घटाचं पाणी येतं. नवी बी सडंल.” एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. “पयल्यांदा बसवली तवाबी मला ठाऊक होतं.”

केशरबाई उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. “ठाऊक हुतं?”

“हो.”

“अन् म्या त्या सडक्या डब्याला माळा घालायले, तवाबी ठाऊक हुतं? ते धान आईनं धाडलं न्हाई, वरच्या भोकातनं आलंय म्हणून?”

“हो.”

“मग मनात हासत आसशील माझ्यावर.”

“न्हाई आजी. हासलो न्हाई. भ्यालो.”

केशरबाईंनी देवळीकडं बघितलं. घट उठल्यावर देवळी मोकळी वाटत होती, कडप्प्यावर ओलीचा गोल वळ उरला होता. त्या चिडतील म्हणून परमेश्वर अंग चोरून उभे होते. केशरबाई चिडल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

“या घरात आजपतोर मला कोणी न्हाई म्हनलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, म्या बरूबर बोलायले म्हणून.”

मग त्यांनी मान वळवून मुलाकडं बघितलं. “तूबी आसंच करायलास का रे, परमेश्वर? इतकी वर्सं?”

परमेश्वरच्या टोपीत गव्हाचे कोंब होते. ते सरळ करायला त्यांनी हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

“हो, आई,” ते म्हणाले.

त्या घरात इतक्या वर्षांत ऐकू आलेला तो बहुतेक पहिला खरा होकार असावा. राजेश्रीनं पदरानं डोळे पुसले, पुरण पदराला लागलं तरी तिच्या ध्यानात आलं नाही. केशरबाईंनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं.

“कुठं बसवायची तिथं बसव बाबा,” त्या भागवतला म्हणाल्या. “अन् माझा आवाज घालू नको आता त्यात. चोर दिसला तर म्या सोता वरडीन.”

भागवतनं नवी पेटी दारामागच्या कोरड्या भिंतीवर बसवली. वायरची भोकं सिलिकॉननं बुजवली. निरोप या वेळी परमेश्वरनी भरला. ते हळू आवाजात म्हणाले, “घरात चोर आलेला दिसतो. जमलं तर या.” दुसऱ्यांदा भरायला कोणी सांगितलं नाही.

हत्यारं पिशवीत घालून भागवत अंगणात आला. शालू तिथं उभी होती. त्याला वाटलं, आता ती सांगणार. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी धरली.

“अजून एक राहिलंय,” शालू म्हणाली. “पिंगळी का परभणी?”

“परभणी.”

“हे तुमच्या आईला ठाऊक हाय?”

भागवतनं मान खाली घातली. शालूनं त्याच्या खिशातल्या फोनकडं बघितलं आणि वाट बघत राहिली. केशरबाईंना नाही म्हणणं अवघड होतं खरं, पण त्या केशरबाई होत्या. ही आई होती. वाढताना पोळीचा मऊ भाग त्याच्या ताटात टाकणारी, त्याच्या ड्रिलला कुंकू लावणारी. भागवतनं फोन लावला.

बानूबाईनं उचलला तेव्हा मागून मेंढरांचा आवाज येत होता. “बसली का रे पेटी?”

“बसली. आई, एक सांगायचं होतं.” त्यानं डोळे मिटले. “लग्न झाल्यावर आमी परभणीत राहणार. पिंगळीला न्हाई. तुला मी हो म्हणलो होतो, ते खोटं होतं.”

पलीकडं बानूबाईनं एका मेंढराला हाकललं.

“मला ठावं हाय,” बानूबाई म्हणाली.

“कसं?”

“तू लय पटकन हो म्हनलास. म्हणून तर म्या माडीवरच्या खोलीला चुना बी देला न्हाई.” तिचा आवाज साधाच होता, जेवलास का विचारताना असतो तसा. “तुझ्या ‘हो’वर म्या कवा इसंबले रे लेकरा? ल्हानपनापासून बघायले. तू ‘हो’ म्हनायचास, अन् म्या मनात तुझं ‘न्हाई’ ऐकायची.”

इतकी वर्षं आपण आईचं मन राखत होतो असं भागवतला वाटत होतं, आणि इतकी वर्षं तीच त्याचं राखत आली होती. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

“रविवारच्या रविवारी येत जा मंजी झालं,” बानूबाई म्हणाली. “येशील का?”

भागवतनं विचार केला. पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडण्याआधी विचार केला. “दर रविवारी न्हाई जमणार,” तो म्हणाला. “कामं असतात. महिन्यात दोनदा येईन.”

“हां,” बानूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हलका झाला. “आता खरं बोलायलास. मग, पोरगी काय म्हनली?”

भागवतनं शालूकडं बघितलं. शालूनं हात पुढं करून त्याच्याकडून फोन घेतला.

“मी हो म्हणलंय, आत्या,” ती म्हणाली. “एकदाच म्हणलंय.”